नावे बाजाराची, साक्ष डोळ्यांची

आनुवंशिकतेचा पाठ आला की वाटाणा येतो. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, गोल बी, सुरकुतलेले बी; मग चौकोनांचा तक्ता आणि शेवटी ३:१ व ९:३:३:१ ही गुणोत्तरे. मेंडेलच्या प्रयोगांचे मोल कमी होत नाही, पण बुटका वाटाणा विद्यार्थ्यांनी पाहिलेला नसतो आणि बहुधा शिक्षकांनीही नाही. त्यामुळे नजरेत भरणारे दुसरे उदाहरण हवे असे शिक्षकांना वाटते. असे एक उदाहरण म्हणजे अमेरिकेत हौसेने पाळला जाणारा कॉर्न स्नेक. नारिंगी, राखाडी, गुलाबी, जांभळट, पांढरा अशा अनेक रंगांत तो मिळतो. त्याच्या डोळ्यांचे रंगही वेगवेगळे असतात आणि यातील बरेचसे रंग मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरतात.

उदाहरण वर्गात आणण्याजोगे आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमची तक्रार आहे ती त्याच्यासोबत येणाऱ्या भाषेबद्दल. ही भाषा साप विकणाऱ्यांच्या सूचीतून आली आहे. तिच्यात नावे आकर्षक आहेत, आकडे नेमके वाटतात, आणि दोन्हींमुळे विद्यार्थ्यांची समजूत चुकीच्या वाटेला लागते. ही टीका नुसती शब्दांवरची नाही. आनुवंशिकतेविषयीचे जे गैरसमज माणसाच्या बाबतीत महाग पडतात, तेच येथे सापाच्या निमित्ताने रुजतात.

साप आणि त्याचे रंग

कॉर्न स्नेकचे शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुट्टाटस. अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लॉरिडापर्यंत तो आढळतो. बिनविषारी असून उंदरांना वेटोळ्यांत आवळून मारतो. पूर्वी त्याची गणना इलाफे या प्रजातीत होत असे. आपल्याकडचा तस्कर सापही पूर्वी त्याच प्रजातीत धरला जाई. पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात; मक्याच्या कोठारांभोवती उंदरांच्या मागे तो येतो, म्हणून पडले असेही म्हणतात.

रानातल्या कॉर्न स्नेकचे अंग नारिंगी-तपकिरी असते. त्यावर तांबडे मोठे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती काळी कड असते. हे रंग तीन प्रकारच्या पेशींमुळे दिसतात. पहिल्या पेशींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य असते. दुसऱ्या पेशींत पिवळी व तांबडी द्रव्ये असतात. तिसऱ्या पेशींत रंगद्रव्य नसतेच; त्यांच्यातील सूक्ष्म स्फटिक प्रकाश परावर्तित करतात. सस्तन प्राण्यांच्या कातडीत व केसांत मात्र रंगाचा सारा भार मेलॅनिनवरच असतो. हा फरक पुढे कामी येणार आहे.

आता डोळा पाहू. बाहुलीभोवतालचे बुबुळ साधारणपणे डोक्याच्या रंगाला मिळतेजुळते असते; रानटी रंगाच्या सापात ते नारिंगी-तांबूस दिसते. बाहुली काळी दिसते. बाहुली म्हणजे एक छिद्र. आत गेलेला प्रकाश दृष्टिपटलामागील मेलॅनिनयुक्त थरात शोषला जातो, परत येत नाही, म्हणून ते छिद्र काळे दिसते. तो थर मेलॅनिनशिवाय असेल, तर प्रकाश मागच्या रक्तवाहिन्यांवरून परततो आणि बाहुली लालसर किंवा गुलाबी दिसते. तेव्हा बाहुलीचा लाल रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नाही, तो रक्ताचा आहे. विद्यार्थ्यांना ही एक गोष्ट नीट समजली तरी पुढचा निम्मा विषय सोपा होतो.

जे उत्तम आहे ते

विसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्थ कॅरोलायनात काळा रंग मुळीच नसलेला एक नर कॉर्न स्नेक सापडला. अंग नारिंगी-तांबडे, ठिपक्यांच्या कडा पांढुरक्या, बाहुल्या लाल. जॉर्जिया राज्यातील त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी यांनी बंदिवासात सापांची पैदास करून हा गुण कसा उतरतो ते तपासले आणि १९६२ साली 'कोपिया' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गुण साधा अप्रभावी निघाला. रानटी रंगाच्या सापाशी संकर केला की पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले रानटी रंगाची, आणि त्या पिल्लांचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत सरासरी चारांत एक पिल्लू मेलॅनिनहीन.

दुसरा रंगवाण याच्या उलट आहे. त्यात तांबडे रंगद्रव्य नसते, काळे असते. साप राखाडी-काळा, बुबुळ राखाडी, बाहुली काळी. हाही गुण अप्रभावी आहे. आता मेलॅनिनहीन आणि तांबडेपणाहीन अशा दोन सापांचा संकर करा. पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले रानटी रंगाची होतात, कारण प्रत्येकाला एका पालकाकडून काळ्याचे आणि दुसऱ्याकडून तांबड्याचे चालू जनुक मिळालेले असते. त्यांच्या आपसांतील संकरातून १६ पैकी सरासरी ९ रानटी रंगाची, ३ मेलॅनिनहीन, ३ तांबडेपणाहीन आणि १ दोन्ही रंग नसलेले पिल्लू मिळते. हे शेवटचे पिल्लू गुलाबीसर पांढरे असते. बाजारात त्याला 'स्नो' म्हणतात.

वाटाण्याच्या द्विसंकरापेक्षा हे उदाहरण आम्हांला अधिक बोलके वाटते, कारण येथे वजाबाकी डोळ्यांना दिसते. काळा गेला, तांबडा गेला, दोन्ही गेले. शिवाय पांढऱ्या 'स्नो' सापाच्या अंगावरही ठिपक्यांची पुसट नक्षी दिसते. रंग गेला तरी नक्षी उरली, याचा अर्थ रंगद्रव्य कोठे मांडायचे ही योजना रंगद्रव्य बनविण्यापेक्षा वेगळी आहे. टेराझो नावाच्या रंगवाणात नेमके उलट होते: नक्षीच बदलते आणि ठिपक्यांच्या जागी पट्टे येतात. त्याचा संबंध पीमेल या जनुकाशी असल्याचे जिनिव्हा विद्यापीठातील गटाने २०२४ साली दाखविले.

येथे एक सावधगिरी हवी. सोळाचा तक्ता पाहून विद्यार्थ्याला वाटते की १६ अंडी फुटली की एक पिल्लू पांढरे निघणारच. प्रत्येक अंड्यात ते पिल्लू नसण्याची शक्यता १५/१६ आहे. सोळाही अंड्यांत एकही पांढरे पिल्लू नसण्याची शक्यता १५/१६ चा सोळावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. शंभर घरट्यांपैकी छत्तीस घरट्यांत पांढरे पिल्लू निघणारच नाही. तक्ता भाकीत सांगत नाही, सरासरी सांगतो.

पहिला आक्षेप: नावे

मेलॅनिनहीन सापाला बाजारात 'रेड अल्बिनो' म्हणत. तेथपर्यंत ठीक. पण तांबडेपणाहीन सापाला एकेकाळी 'ब्लॅक अल्बिनो' म्हणत असत. मेलॅनिनने भरलेल्या, काळ्या बाहुलीच्या सापाला अल्बिनो म्हणणे म्हणजे केस पांढरे न झालेल्या माणसाला 'काळा पिकलेला' म्हणण्यासारखे आहे. अल्बिनो या शब्दाचा अर्थ 'नेहमीचा रंग नसलेला' असा सैल झाला की तो शब्द काही सांगेनासा होतो.

विद्यार्थ्यांची अडचण दुसऱ्या टोकाला असते. अल्बिनो म्हणजे पांढरा, असे त्यांनी उंदीर आणि ससे पाहून ठरविलेले असते. मग भडक नारिंगी साप अल्बिनो कसा? कारण वर आलेच आहे. उंदराकडे मेलॅनिन गेले की रंगवायला दुसरे काही उरत नाही. सापाकडे पिवळ्या-तांबड्या पेशी शिल्लक असतात. म्हणून आमची सूचना अशी की वर्गात अल्बिनो हा शब्द बाजूला ठेवावा आणि काय नाही ते सरळ सांगावे: मेलॅनिनहीन, तांबडेपणाहीन. शब्द लांब आहेत, पण प्रामाणिक आहेत.

याहून मोठा गोंधळ नावे एका जातीतून दुसऱ्या जातीत नेल्याने होतो. 'लॅव्हेंडर' म्हणून कॉर्न स्नेकचा एक जांभळट-राखाडी रंगवाण आहे. त्याचे कारण एलवायएसटी या जनुकातील दोष, असे जिनिव्हाच्याच गटाने २०२० साली दाखविले. आफ्रिकेतील बॉल पायथन या अजगराचाही 'लॅव्हेंडर अल्बिनो' नावाचा रंगवाण आहे. त्याचा संबंध मात्र ओसीए-२ या जनुकाशी आहे, आणि बॉल पायथनच्या साध्या 'अल्बिनो' रंगवाणाचा टीवायआर या तिसऱ्या जनुकाशी. आता गंमत पाहा. कॉर्न स्नेकचा मेलॅनिनहीन वाण, ज्याला लोक अल्बिनो म्हणतात, तो ओसीए-२ मधील दोषामुळे होतो. म्हणजे कॉर्न स्नेकचा 'अल्बिनो' जनुकाच्या दृष्टीने बॉल पायथनच्या 'लॅव्हेंडर'चा भाऊ आहे. एकाच नावाखाली दोन जनुके आणि एकाच जनुकाला दोन नावे! विक्रेत्याला याने काही अडत नाही, कारण त्याला ग्राहकाला रंग दाखवायचा असतो. आपल्याला कारण दाखवायचे असते, म्हणून आपले अडते.

बॉल पायथनवरील हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात ते झाले, आणि त्यासाठी पाळणाऱ्यांकडून सापांनी टाकलेली कात मिळविण्यात आली. टाकून दिलेल्या कातीतून डीएनए मिळतो आणि प्राण्याला हातही लावावा लागत नाही. पाळणाऱ्यांच्या हौसेचा विज्ञानाला झालेला हा उपयोग आहे, आणि टीका करताना तोही नोंदविला पाहिजे.

दुसरा आक्षेप: 'अमक्या रंगाचे जनुक'

सूचीत लिहिलेले असते की या सापात 'अल्बिनो जनुक' आहे. आपणही वर्गात 'बुटकेपणाचे जनुक' म्हणतो. दोन्हीकडे चूक एकच आहे.

कॉर्न स्नेकमधील मेलॅनिनहीनतेचे कारण २०१५ साली कळले. ओसीए-२ या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा येऊन घुसला आहे आणि त्यामुळे जनुकाचे काम बंद पडले आहे. हे जनुक स्वतः रंग बनवीत नाही. पेशीतील ज्या सूक्ष्म पिशव्यांत मेलॅनिन तयार होते, त्यांच्यातील आम्लता योग्य राखण्यास त्यापासून बनलेले प्रथिन मदत करते. आम्लता बिघडली की टायरोसिनेज हे विकर काम करीत नाही आणि मेलॅनिन बनत नाही. टायरोसिनेज बनविणारे जनुक ते टीवायआर.

गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. चरकात ऊस पिळला जातो, काहिलीत रस आटतो, चुलवाणात जाळ असतो, गुळव्या पाक कधी उतरवायचा ते पाहतो. चरक मोडला तरी गूळ होत नाही, चुलवाण विझले तरी होत नाही. बाहेरच्याला दोन्ही वेळा दिसते ते एवढेच, की गूळ नाही. म्हणून चुलवाणाला 'गुळाचे यंत्र' म्हणायचे, की विझलेल्या चुलवाणाला 'बिनगुळाचे यंत्र'? ओसीए-२ हा चुलवाणातील जाळ समजा आणि टायरोसिनेज हा गुळव्या. दोघांपैकी कोणीही गैरहजर असला तरी साप मेलॅनिनहीनच दिसेल.

एलवायएसटी जनुकाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा संबंध पेशीतील सूक्ष्म पिशव्यांच्या घडणीशी आहे. म्हणजे येथे काहिलीच बिघडल्या. म्हणून 'लॅव्हेंडर' सापात काळ्या पेशींबरोबर इतर रंगपेशींवरही परिणाम होतो आणि सगळाच रंग फिका, वेगळा होतो. माणसात याच जनुकातील दोषांमुळे शेडियाक-हिगाशी हा गंभीर विकार होतो. त्यात केस व त्वचा फिकी असते आणि रोगप्रतिकारशक्तीही दुबळी असते, कारण प्रतिकार करणाऱ्या पेशींनाही त्याच प्रकारच्या पिशव्या लागतात. सूचीतले एक सुंदर नाव आणि बालरोगतज्ज्ञापुढचा एक कठीण आजार, दोन्हींच्या मुळाशी एकच जनुक आहे. 'लॅव्हेंडर रंगाचे जनुक' म्हटले की हे सारे झाकले जाते.

याचे पडसाद माणसाच्या डोळ्यांच्या रंगापर्यंत पोचतात. तपकिरी डोळे प्रभावी, निळे अप्रभावी, असे आपण कित्येक वर्षे सांगत आलो. या मांडणीचा उगम डॅव्हनपोर्ट दांपत्याच्या १९०७ सालच्या लेखापर्यंत मागे जातो. प्रत्यक्षात निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसते. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी असते आणि प्रकाशाच्या विकिरणाने ते निळे दिसते. २००८ साली डेन्मार्क व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले की यातील मोठा वाटा हर्क-२ या जनुकातील एका छोट्या बदलाचा आहे. तो बदल शेजारच्या जनुकाचे काम मंद करतो, आणि ते शेजारचे जनुक म्हणजे आपले ओसीए-२! पुढे २०२१ साली जवळजवळ दोन लाख लोकांच्या अभ्यासातून डोळ्यांच्या रंगाशी संबंधित सुमारे ६० जागा मानवी जनुकसंचात आढळल्या. निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना तपकिरी डोळ्यांचे मूल होऊ शकते, आणि त्याचे कारण जनुकशास्त्रातच सापडते. जुना तक्ता वर्गात वापरून 'घरी जाऊन आईवडिलांचे डोळे पाहून या' असा गृहपाठ देणाऱ्या शिक्षकाने हे लक्षात ठेवणे जरूर आहे. एखाद्या मुलाच्या घरात त्याने विनाकारण संशय पेरलेला असू शकतो.

तिसरा आक्षेप: ६६ टक्के

विक्रीच्या सूचीत रानटी रंगाच्या पिल्लासमोर '६६ टक्के हेट' असे लिहिलेले दिसते. 'हेट' म्हणजे विषमयुग्मी, वाहक. हा आकडा येतो कोठून? दोन वाहकांच्या संकरातून चार पिल्लांत सरासरी एक शुद्ध रानटी, दोन वाहक आणि एक मेलॅनिनहीन. मेलॅनिनहीन पिल्लू रंगावरून ओळखू येते, ते बाजूला काढले. उरलेल्या तीनांत दोन वाहक. म्हणून दोन तृतीयांश.

गणित बरोबर आहे. लिहिण्याची रीत फसवी आहे. वाचणाऱ्याला वाटते की पिल्लात तो गुण ६६ टक्के भरलेला आहे, जणू दुधात पाणी. एखादे पिल्लू ६६ टक्के वाहक नसते. ते वाहक असते किंवा नसते. ६६ हा आकडा पिल्लाविषयी नाही, आपल्या माहितीविषयी आहे. माहिती वाढली की आकडाही बदलतो. ते पिल्लू मोठे झाल्यावर मेलॅनिनहीन सापाशी त्याचा संकर केला आणि पाच पिल्ले निघाली, पाचही रानटी रंगाची, तर? वाहक असते तर असे होण्याची शक्यता १/२ चा पाचवा घात, म्हणजे १/३२. शुद्ध असते तर शक्यता १. आधीचे प्रमाण २ ला १ होते. ते आता २/३२ ला १, म्हणजे १ ला १६ झाले. वाहक असण्याची शक्यता १७ त १, सुमारे सहा टक्के. याउलट एक जरी मेलॅनिनहीन पिल्लू निघाले, तर शंभर टक्के. साप तोच, जनुके तीच. बदलले ते आपले ज्ञान. संभाव्यतेचा हा धडा गणिताच्या शिक्षकांनी अवश्य उचलावा. लाल आणि पांढरे मणी घेऊन तो एका तासात करता येतो.

मुद्दा शाळेपुरता नाही. सिकलसेल किंवा थॅलसेमियाच्या वाहकांविषयी समुपदेशन करताना कुटुंबाला हेच समजून घ्यावे लागते. आजारी मुलाच्या निरोगी भावंडाची वाहक असण्याची शक्यता नेमकी दोन तृतीयांश असते. त्याचा अर्थ ते दोन तृतीयांश आजारी आहे असा होत नाही, आणि रक्ततपासणीने हा प्रश्न कायमचा सुटू शकतो.

डोळ्यांची साक्ष

मग भरवसा कशावर ठेवायचा? आमचे उत्तर: आधी डोळा पाहावा, आणि तो काय सांगतो व काय सांगत नाही हे दोन्ही ओळखावे.

त्वचेतील रंगपेशी आणि दृष्टिपटलामागचा मेलॅनिनयुक्त थर यांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी होतो. भ्रूणात पाठीच्या मध्यरेषेजवळ तयार होणाऱ्या पेशी प्रवास करीत शरीरभर पसरतात आणि त्यांतून त्वचेच्या रंगपेशी होतात. डोळ्यामागचा थर मात्र मेंदूपासून निघालेल्या नेत्रपेल्यातूनच बनतो. त्याला प्रवास करावा लागत नाही. यावरून दोन निष्कर्ष निघतात. मेलॅनिन बनविण्याची क्रियाच बंद असेल, तर त्वचेबरोबर डोळाही रंगहीन होईल आणि बाहुली लाल दिसेल. रंगपेशी त्वचेपर्यंत पोचल्या नसतील किंवा तेथे टिकल्या नसतील, पण मेलॅनिनची क्रिया शाबूत असेल, तर अंग पांढरे आणि डोळा गडद राहील.

म्हणूनच पांढरा 'स्नो' आणि पांढऱ्या अंगावर रंगीत शिंतोडे असलेला 'पाल्मेटो' हे दोन्ही कॉर्न स्नेक एका दृष्टिक्षेपात वेगळे करता येतात. पहिल्याची बाहुली गुलाबी, दुसऱ्याचा डोळा गडद. आपल्याकडे पांढरा नाग दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्याच्याभोवती गर्दी जमते. त्या वेळी विद्यार्थ्यांनी विचारायचा प्रश्न हाच: डोळे कसे होते? मात्र फ्लॅशच्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रावर विसंबू नये, आणि साप पाहायला जवळ तर मुळीच जाऊ नये. देशी साप पकडणे व बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.

डोळ्याच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. दोष कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज ती देते; कोणत्या जनुकात आहे ते सांगत नाही. प्रयोगशाळेतील उंदरांत 'पिंक-आइड डायल्यूशन', म्हणजे गुलाबी डोळे व फिका रंग, असा एक जुना वाण आहे. त्याचे नावच डोळ्यावरून पडले. तो दोष ओसीए-२ मधला. पांढऱ्या उंदरांचे डोळेही गुलाबीच, पण तो दोष टीवायआर मधला. दोघांचा संकर केला की पिल्ले काळ्या डोळ्यांची होतात! एका गुऱ्हाळात जाळ नाही, दुसऱ्यात गुळव्या नाही. दोन्ही एकत्र आले की गूळ तयार. ही दोन जनुके एकाच गुणसूत्रावर असून बहुधा जोडीने उतरतात, हे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह १९१५ साली दाखविले. सस्तन प्राण्यांतील जनुकांच्या अशा सहलग्नतेचा तो पहिला पुरावा. पुढे १९५७ साली हॉल्डेन भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

कॉर्न स्नेकमध्येही असा प्रसंग आहे. तांबडेपणाहीन सापासारखाच राखाडी दिसणारा 'चारकोल' नावाचा वाण आहे. दोघांच्याही बाहुल्या काळ्या, तेथे डोळा मदत करीत नाही. दोन राखाडी सापांचा संकर केला, तर सगळी पिल्ले नारिंगी निघतात. दोष वेगवेगळ्या जनुकांत असल्याचा हा पुरावा. दिसणे सारखे असले तरी कारण सारखे असेलच असे नाही, हे सांगायला याहून सोपा प्रयोग आम्हांला माहीत नाही. तक्ता भरण्याआधी हा प्रश्न विद्यार्थ्यांना घालावा: राखाडी आणि राखाडी मिळून नारिंगी कसे?

वर्गातले मूल

एवढी चिकित्सा एका परदेशी सापासाठी कशाला, असे कोणी विचारील. आपल्या शाळांतही रंजकहीनता असलेली मुले असतात. पांढरे केस, फार गोरी त्वचा, उजेडात मिटणारे डोळे. लोक त्यांना कोड झाले आहे असे समजतात आणि अंतर ठेवतात. ही दुहेरी चूक आहे. कोड हा वेगळा प्रकार आहे. त्यात काही भागांतील रंगपेशी नंतर नष्ट होतात आणि डोळ्यांचा रंग सहसा तसाच राहतो. रंजकहीनता जन्मापासून असते आणि तिच्यात डोळाही सहभागी असतो. दोन्हींपैकी काहीही स्पर्शाने पसरत नाही.

रंजकहीन मुलाचे डोळे लालच असतील असे मात्र मानू नये. माणसात ते बहुधा निळसर, राखाडी, कधी तपकिरीही असतात. पण डोळ्याच्या वाढीत मेलॅनिनचा वाटा असल्यामुळे दृष्टिपटलाचा मध्यभाग पुरता विकसित होत नाही आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचा मार्गही नेहमीसारखा नसतो. डोळे थरथरतात, उजेड सोसत नाही, चष्म्यानेही नजर पूर्ण सुधारत नाही. बुद्धी इतर मुलांइतकीच असते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ते मूल मागे पडते आणि आपण त्याला मंद ठरवतो. त्याला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका द्यावी, मैदानावर टोपी घालू द्यावी. एवढे केले तरी त्याचे वर्ष वाचते.

'अल्बिनो म्हणजे पांढरा' एवढेच शिकलेला शिक्षक त्या मुलाची कातडी पाहतो. मेलॅनिन कोठे असते आणि तेथे काय करते हे ज्याला ठाऊक आहे, तो आधी त्याच्या डोळ्यांचा विचार करतो. म्हणून कॉर्न स्नेकचे चित्र वर्गात जरूर लावावे. चित्राखालचे बाजारातले नाव मात्र झाकावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: याच्यात कोणता रंग नाही? याची बाहुली कशी आहे? आणि हे खात्रीने सांगायचे तर कोणाशी संकर करून पाहावा लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे जी मुले स्वतः शोधतील, त्यांना सोळा चौकोनांचा तक्ता पाठ करावा लागणार नाही.